मुठीचा दर ठोकळ्याच्या भावावरून लावू नका

पत्र (थोडक्यात):

‘मी कामाच्या सुऱ्या हातानं बनवतो. घेणारे बहुतेक हातावर पोट असलेले : माळी, लाकूड कोरणारे, मासे-मांस कापणारे. पात्याबद्दल तक्रार येत नाही, पण मुठीचं गणित काही केल्या बसत नाही. लोक फोटो बघून नक्षीदार रेषांचं लाकूड मागतात. ठोकळा मला जेवढ्याला पडतो तेवढी रक्कम मी सुरीच्या किमतीत वाढवतो, तरी वर्षाच्या शेवटी हातात काही उरत नाही. दमट दिवसांत बनवून दिलेली एक सुरी परत आली आहे. मुठीचं लाकूड एका कडेला पोलादापासून सुटलंय आणि पाठीच्या बाजूला पोलादाची धार बोटाला लागते. मिकार्टाच्या, म्हणजे कापडाचे थर राळेत दाबून केलेल्या फळीच्या, मुठी टिकतात, पण त्यांचा दर लाकडाइतकाच सांगितला की लोक म्हणतात, “प्लास्टिकचे एवढे पैसे?” मूठ कशाची करावी आणि दर कसा लावावा?’

उत्तर :

आधी परत आलेल्या सुरीकडे बघू, कारण तुमच्या दराचं दुखणं तिच्यातच आहे.

हवेतल्या ओलाव्यानं पोलाद फुगत नाही आणि आकसतही नाही. लाकूड दोन्ही करतं, शिवाय सगळ्या दिशांनी सारखं करत नाही. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. आडव्या अंगाला हलतं, आणि त्यातही वर्षवलयांच्या कडेनं जेवढं हलतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे हलतं. मूठ म्हणजे पोलादाच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या दोन पट्ट्या. तिची उंची २५ मिलिमीटर धरा. ठोकळा कापला तेव्हा लाकडात १४ टक्के ओलावा होता आणि कोरड्या दिवसांत तो १० टक्क्यांवर आला, असं समजा. बऱ्याच लाकडांत ओलावा एक टक्का कमी झाला की आडवं अंग पाव टक्क्याच्या आसपास आकसतं. चार टक्क्यांना एक टक्का, म्हणजे २५ मिलिमीटरमागे पाव मिलिमीटर. तो दोन्ही कडांना वाटला गेला तरी पोलादाची पायरी नखाला अडकते. दिवसभर सुरी धरणाऱ्याच्या तळव्यावर संध्याकाळी तिचा लाल पट्टा उमटलेला असतो. आतली आणि बाहेरची बाजू सारखी सुकली नाही तर पट्टी वाकते, कड उचलली जाते आणि गोंद तिथून सुटायला लागतो. तुमच्या सुरीचं नेमकं हेच झालेलं दिसतंय.

याचा अर्थ लाकूड वाईट आहे असा नाही. ते पुरतं मुरलेलं नव्हतं, एवढंच. ठोकळा आणल्याबरोबर त्यावर तारीख आणि वजन लिहा, दोन्ही टोकांना मेण लावा आणि तो तुमच्या कामाच्या जागेतच ठेवा. महिन्याच्या महिन्याला वजन करा. लागोपाठ दोन-तीन वेळा वजन हललं नाही, तरच त्याला करवत लावा. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर उत्तम, पण स्वयंपाकघरातला साधा वजनकाटाही हे काम चोख करतो. पट्ट्या कापल्यावर त्या आणखी आठवडाभर उघड्या हवेत उभ्या ठेवा. ज्या वाकणार आहेत त्या तिथेच वाकतील आणि तुम्हाला त्या पुन्हा सपाट करता येतील.

गोंदाचंही तितकंच महत्त्व आहे. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी कामाच्या सुरीला नको. चोवीस तास घेणारं संथ इपॉक्सी वापरा. टँगचा, म्हणजे मुठीच्या आत जाणाऱ्या पोलादाचा, पृष्ठभाग ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरबरीत करा आणि दोन्ही बाजू अॅसिटोननं पुसा. शिसव, साग यांसारखी तेलकट लाकडं असतील तर पुसल्यावर तासभर थांबू नका, लगेच चिकटवा, कारण आतलं तेल पुन्हा वर येतं. टँगमध्ये दोन-चार जादा भोकं ठेवली की इपॉक्सी त्यातून आरपार जाऊन दोन्ही पट्ट्यांना आतून धरून ठेवतं. शिकंजा मात्र जीव खाऊन आवळू नका. बहुतेकांची चूक इथेच होते. सगळा गोंद बाहेर पिळला जातो, सांध्यात काही उरत नाही, आणि कडेनं गोंद वाहिलेला बघून आपल्याला काम पक्कं झाल्यासारखं वाटतं.

आणखी एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. घासायच्या यंत्राच्या बेल्टवर मूठ घासताना मुठीच्या आरपार बसवलेली पितळी पिन लाकडापेक्षा कितीतरी लवकर तापते, कारण धातू उष्णता पटकन ओढून घेतो आणि सरळ आत पोचवतो. साधं इपॉक्सी ६०-७० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. बाहेरून मूठ झकास दिसते, पण पिनेभोवतीचा गोंद आतल्या आत मेलेला असतो. म्हणून दर काही सेकंदांनी बोट पिनेवर ठेवून बघा. चटका बसतोय असं वाटलं की थांबा, मूठ थंड होऊ द्या. बेल्ट नवा आणि धारदार असेल तर घर्षण कमी होतं. जुना बेल्ट वाचवायला जाऊन मूठ घालवणं परवडत नाही.

आता मूठ कशाची करावी. ‘सगळ्यात चांगलं कुठलं’ हा प्रश्न मनातून काढून टाका आणि गिऱ्हाइकाला एकच विचारा : सुरी धरताना तुमचा हात ओला असतो की कोरडा?

हात ओला असेल, म्हणजे मासे, मांस, पाऊस, चिखल असं काम असेल, तर माझं मत ठाम आहे. कॅनव्हासचं मिकार्टा द्या. १९१० च्या सुमारास वेस्टिंगहाऊस कंपनीनं विजेच्या सामानात इन्सुलेशनसाठी ते बनवलं. कापडाचे किंवा कागदाचे थर फिनॉलिक राळेत भिजवायचे आणि उष्णता व दाब देऊन त्याची फळी करायची, अशी त्याची रीत. ते फारसं फुगत नाही, आकसत नाही, थंडी-उन्हाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. सगळ्यात मोठा गुण असा की, ते फार चकचकीत केलं नाही तर ओलं झाल्यावर त्याची पकड वाढते. कापडाचे धागे पृष्ठभागावर उघडे राहतात आणि पाणी लागलं की बोटांना धरतात. म्हणून त्याला २२० किंवा फार तर ४०० नंबरपर्यंतच घासा. त्याच्या पुढे घासून पॉलिश केलंत, तर ज्या गुणासाठी ते घेतलं तोच गुण तुम्ही स्वतःच्या हातानं, जादा वेळ घालवून, पुसून टाकलेला असतो. लिननचं मिकार्टा अंगानं बारीक आणि दिसायला नीटस असतं. कागदाचं गुळगुळीत असतं, ते ओल्या कामाला नको.

जी-१० हे काचेच्या कापडाचं आणि इपॉक्सीचं. सर्किट बोर्डासाठी वापरतात त्याच कुळातलं. ताकदीला तोड नाही आणि पाण्याचं त्याला काही नाही, पण जड असतं. पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन ते दोन पट घनतेचं, तर मिकार्टा दीडपटीच्याही खाली. छोट्या पात्याला जी-१० ची मूठ लावली की सगळा तोल मागे जातो. बेल्टही ते फार लवकर खातं. त्याची धूळ म्हणजे काचेचे बारीक तंतू असतात. मिकार्टा असो, जी-१० असो की शिसव, चांगल्या प्रतीचा फिल्टर असलेला मास्क लावल्याशिवाय ग्राइंडर सुरू करू नका. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. शिसवाच्या जातीतल्या लाकडांच्या धुळीनं कित्येकांना कायमची अॅलर्जी जडते आणि मग ते लाकूड हातात धरणंही बंद होतं. मास्क आणि त्याचे फिल्टर हा तुमच्या दरातला खर्च आहे, तो पुढे हिशोबात धरू.

हात कोरडा असेल आणि सुरी तासन्‌तास धरायची असेल, जशी लाकूड कोरणाऱ्याला लागते, तर तिथे साध्या, मुरलेल्या, दाट लाकडाला पर्याय नाही. मिकार्टाही नाही. तेल पाजलेलं, व्हार्निश न मारलेलं लाकूड घाम थोडा शोषतं आणि हाताला गार लागत नाही. व्हार्निशचा चकचकीत थर तळव्याखाली सरकत राहतो आणि कोरणाऱ्याला तासाभरात फोड आणतो. अशा गिऱ्हाइकाला मी नक्षीदार रेषांचं लाकूड विकायच्या भानगडीत पडणार नाही. सरळ रेषांचं देईन, आणि रेषा मुठीच्या लांबीत धावतील अशी कापून देईन. जवसाचं तेल पाजायचं असेल तर पातळ हात द्या, मध्ये पुरता वेळ जाऊ द्या, आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

नक्षीदार लाकडाचा हट्टच असेल तर स्टॅबिलाइज केलेलं घ्या. ठोकळा आधी पूर्ण कोरडा करतात, निर्वात भांड्यात राळेत बुडवून आतली हवा काढतात, मग राळ आतवर गेली की ९० अंशांच्या पुढे तापवून ती कडक करतात. मऊ, सच्छिद्र, कुजकट नक्षीचं मेपलसारखं लाकूड यानं कामाचं होतं. दाट तेलकट लाकडं राळ पीतच नाहीत, तेव्हा ‘स्टॅबिलाइज केलेलं शिसव’ म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. आणि स्टॅबिलाइज केलं म्हणजे लाकूड दगड झालं असंही नाही. त्याचं हलणं पुष्कळ कमी होतं, थांबत नाही.

शिंग आणि हाड यांबद्दल थोडक्यात : कामाच्या सुरीला मी नको म्हणेन. शिंग म्हणजे केराटिन, नखासारखं. ओलाव्यानं तेही हलतं, गरम झालं की मऊ पडतं आणि कीड लागते ती वेगळीच. हाड पिनेशी तडकतं. शोभेच्या सुरीला चालेल.

परदेशी पाठवत असाल तर कागदपत्रांचंही बघा. शिसव, रोजवूड ज्या डाल्बर्जिया वंशातले, तो जवळजवळ सगळा वंश २०१७ पासून धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे (ब्राझीलचं रोजवूड त्याहून कडक अशा पहिल्या परिशिष्टात). २०१९ मध्ये तयार वस्तूंना एका खेपेत दहा किलो लाकडापर्यंत सूट मिळाली, पण ती तयार वस्तूंना. सुटे ठोकळे पाठवायचे तर परवाना लागतो, आणि त्यावर प्रत्येक देशाचे आपले नियम असतात ते वेगळेच. हस्तिदंत आणि रानटी प्राण्यांची शिंगं ‘जुनी आहेत, घरात पडून होती’ असं सांगून कोणी आणून दिली तरी हात लावू नका.

आता दर.

ठोकळ्याची किंमत सुरीच्या किमतीत मिळवली की मुठीचा खर्च निघाला, असं तुम्ही धरता. ठोकळा हा मुठीच्या खर्चातला एक लहान भाग असतो. मोठा भाग तुमचा वेळ, शिवाय मोडतोड व परत येणाऱ्या सुऱ्या. हे दिसावं म्हणून सगळं तासांत मांडतो. तुमच्या एका तासाचा दर जो असेल तो असो. सामानाची किंमतही त्या दरानं भागून तासांत आणा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घड्याळ लावून मोजायचे.

कॅनव्हास मिकार्टाची मूठ घ्या. सामान अर्ध्या तासाच्या मोलाचं. कापणं, भोकं पाडणं, चिकटवणं, आकार देणं यात दीड तास. ४०० नंबरपर्यंत घासायला अर्धा तास. बेल्ट, इपॉक्सी, पिना, फिल्टर मिळून पाव तास. मोडतोड जवळजवळ नाही. एकूण पावणेतीन तास.

आता स्टॅबिलाइज केलेलं नक्षीदार लाकूड. सामान दोन तासांच्या मोलाचं. आकारापर्यंतचं काम तेच, दीड तास. पण नक्षी दिसायची तर हजार नंबरच्या पुढे हातानं घासावं लागतं, मग बफ (कापडी चाकावर चकाकी आणणं), आणि प्रत्येक टप्प्यावर आधीच्या नंबरचे ओरखडे राहिले का हे उजेडात धरून तपासावं लागतं. त्याला दीड तास. किरकोळ सामान पाव तास. शिवाय दहा मुठींत एक तरी भोक पाडताना तडकते नाहीतर आत पोकळी निघते, म्हणजे तोवर लागलेले साडेतीन तास पाण्यात. ते दहांवर वाटले की प्रत्येकी ०.३५. एकूण ५.६ तास.

दोन मुठींतला फरक २.८५ तासांचा. तुम्ही वाढवता फक्त सामानातला फरक, म्हणजे दीड तास. उरलेला १.३५ तास, सव्वा तासाहून जास्त, प्रत्येक सुरीमागे तुम्ही गिऱ्हाइकाला फुकट देता. वर्षभर हात काळे करून काही उरत नाही त्याचं कारण हे आहे.

साध्या लाकडाचाही हिशोब मांडा, कारण तिथे सगळ्यांचा अंदाज चुकतो. सामान जेमतेम पाव तासाचं. काम दोन तास, तेलाचे हात द्यायला अर्धा तास (सुकण्यासाठी थांबलेला वेळ धरायचा नाही), किरकोळ सामान पाव तास. झाले तीन. दहांत एक सुरी वर्षभरात परत आली आणि मूठ सारखी करायला दोन तास गेले, तर प्रत्येकी ०.२ आणखी. एकूण ३.२ तास. म्हणजे भावानं सगळ्यात स्वस्त असलेलं लाकूड तुम्हाला मिकार्टापेक्षा महाग पडतं. मिकार्टाचा दर लाकडाइतकाच लावलात यात तुमचं काही चुकलं नाही. उलट साध्या लाकडाचा दर थोडा वर न्यायला हवा.

‘सामानाच्या तिप्पट किंमत लावा’ हा सल्ला तुम्हाला ठिकठिकाणी मिळेल. मुठीच्या बाबतीत तो चालत नाही. साध्या लाकडाची घोटीव मूठ त्यानं फुकटात जाते आणि महाग ठोकळ्याची मूठ उगाच आकाशाला भिडते, काम दोन्हींत जवळपास तेवढंच असताना. सामानावर थोडी भर जरूर घाला, कारण ठोकळे आणून महिनोन्‌महिने मुरवत ठेवण्यात पैसा अडकतो आणि त्यातले काही भेगा पडून वायाही जातात. पण दराचा कणा तासांचाच ठेवा.

तासाचा दर कसा ठरवायचा? तुमच्या भागातला चांगला सुतार किंवा वेल्डर दिवसाला किती घेतो, तिथून सुरुवात करा. त्याहून कमी घेण्याचं काहीच कारण नाही. मग हे बघा : आठवड्याला तुम्ही चाळीस तास कामाच्या जागेत असाल, पण प्रत्यक्ष सुरीवर हात किती तास असतो? फोटो काढणं, फोनवर बोलणं, सामान आणणं, झाडलोट, पॅकिंग, यंत्राची देखभाल, हे काढलं तर पंचवीस तास उरत असतील. मग चाळीस तासांची मजुरी त्या पंचवीस तासांतूनच निघायला हवी. चाळीस भागिले पंचवीस, म्हणजे दर १.६ पट. वीज, भाडं, यंत्रांची झीज त्याच्या वर. हा आकडा पहिल्यांदा बघाल तेव्हा कुणाला सांगायची हिंमत होणार नाही, इतका मोठा वाटेल. तरी कागदावर लिहून ठेवा. ठरवून कमी घेणं वेगळं आणि न मोजता कमी घेणं वेगळं.

‘प्लास्टिकचे एवढे पैसे?’ याला तोंडी उत्तर देत बसू नका. दोन सुऱ्या समोर ठेवा, एक पॉलिश केलेल्या लाकडाची, एक मिकार्टाची. पाण्याचं भांडं आणि साबण ठेवा. गिऱ्हाइकाला हात भिजवून दोन्ही मुठी घट्ट धरायला सांगा आणि पातं म्यानात ठेवूनच सुरी ओढून बघा म्हणा. लाकडाची मूठ हातातून निसटते, मिकार्टाची निसटत नाही. ज्याचं काम ओल्या हाताचं आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही. ज्याला त्यानंतरही नक्षीच हवी, त्याला नक्षीचा पूर्ण दर सांगा आणि आनंदानं बनवून द्या. तो त्याचा हक्क आहे, फक्त त्याचे पैसे तुमच्या खिशातून जाता कामा नयेत.

यादी छोटी ठेवा. कॅनव्हास मिकार्टा, तेल पाजलेलं एक साधं लाकूड, आणि स्टॅबिलाइज केलेलं एक. बास. प्रत्येक नव्या सामानाबरोबर नवं भोक पाडायचं तंत्र, नवा पेपर, नवी मोडतोड येते, आणि ती शिकण्याचा खर्च पहिली पाच-सहा गिऱ्हाइकं देत नाहीत, तुम्ही देता. यादीबाहेरचं काही मागितलं तर सामानाची पूर्ण किंमत आगाऊ घ्या. उद्या त्यानं ऑर्डर मोडली, तर ते जांभळं-हिरवं राळेचं लाकूड दुसऱ्या कुणाला खपवणार?

कोणी आपल्याच घरचं लाकूड घेऊन येईल. आजोबांनी लावलेल्या झाडाचं, मोडक्या पलंगाच्या पायाचं. अशा कामाला मी कधी नाही म्हणणार नाही, कारण ती सुरी माणूस जन्मभर जपतो. पण मजुरी पूर्ण घ्या, ‘सामान माझंच आहे’ म्हणून सूट देऊ नका. उलट अशा लाकडाला वेळ जास्त लागतो : खिळे शोधा, कीड बघा, वजन करत महिनोन्‌महिने थांबा. आणि आधीच लिहून द्या की लाकडाची हमी तुमची नाही, सांध्याची आहे.

घासाघीस होईलच. तेव्हा किंमत कमी करू नका, काम कमी करा. हजारऐवजी ४०० नंबरपर्यंत घासून देतो, नक्षीच्या पिनांऐवजी साध्या पितळी लावतो, एवढ्यानं इतकं कमी होईल, असं सांगा. त्यात कुणाची मान खाली जात नाही. त्याच कामाला एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा दर सांगितलात, तर ते दोघं कधीतरी भेटतातच.

हमी चार ओळींत लिहून सुरीबरोबर द्या. गोंद सुटला किंवा पिन ढिली झाली तर मूठ फुकट नीट करून मिळेल. लाकडाची मूठ पाण्यात भिजत ठेवली, भांडी धुण्याच्या यंत्रात टाकली, पात्याच्या पाठीवर हातोडी मारली, तर दुरुस्तीचे पैसे पडतील. हे लिहिलेलं नसलं की प्रत्येक तक्रार तुमच्या गळ्यात येते.

ती परत आलेली सुरी मात्र पूर्ण फुकट नीट करून द्या, आणि या वेळी मिकार्टा लावा. जुनी मूठ काढताना गॅसची टॉर्च लावू नका. साध्या कार्बन पोलादाची धार २०० अंशांच्या आसपास टेम्पर केलेली (कडक केल्यावर पुन्हा तापवून चिवट केलेली) असते, त्याच्या वर पातं तापलं की ते मऊ पडतं आणि पातं पुन्हा पहिल्यापासून कडक केल्याशिवाय ती धार परत आणता येत नाही. पिना वरून भोक पाडून काढा, पट्ट्या पटाशीनं रेषांच्या दिशेनं फोडा, उरलेला गोंद पेपरनं घासा. काम सुरू करण्याआधी पात्याला टेप गुंडाळा. मूठ बदलण्याचं काम पैसे घेऊन कराल तेव्हा नव्या मुठीच्या तासांत या काढण्याचा निदान अर्धा-पाऊण तास मिळवायला विसरू नका.

नवे दर तारीख घालून लिहा आणि पुढच्या ऑर्डरपासून लावा. ज्यांना जुना दर सांगून झालाय त्यांना त्याच दरात सुरी द्या, तोटा होत असला तरी. पण त्या सुऱ्यांचेही तास मोजत जा, प्रत्येक टप्प्याचे वेगळे. दहा-बारा मुठींनंतर माझे वरचे नमुन्याचे आकडे खोडून त्यांच्या जागी तुमचे लिहा आणि यादी पुन्हा एकदा तपासा.